रिकामं पाकीट आणि फांगत्सुनचा चहा

चार वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकूंची लेक सिंगापूरहून आली, तेव्हा तिनं चहाचं एक चपटं पाकीट माझ्या हातावर ठेवलं. ‘‘मावशी, दूध-साखर नका घालू हं, नुसता प्या.’’ नुसता चहा म्हणजे आमच्या घरी पोट बिघडलेल्या माणसाचं पेय. पण प्यायले. आधी जरा तुरट, मग मध आणि पिकलेला पेरू यांच्या मधला कुठला तरी वास, आणि पेला खाली ठेवल्यावर दोन मिनिटांनी घशात गोडी. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येते ना, तशी. पंधरा दिवसांत पाकीट संपलं. तो कुठल्या दुकानातला, कुठल्या जातीचा, हे त्या पोरीलाही आठवेना. रिकामं पाकीट मात्र मी टाकलं नाही. त्यावर चिनी अक्षरांच्या दोन ओळी होत्या. कधीतरी कुणीतरी वाचून दाखवील म्हणून ते पासपोर्टच्या फायलीत ठेवून दिलं.

दादाचं अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीचं घाऊक दुकान आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला, म्हणजे जुन्या कँटनला, १९५७पासून भरणाऱ्या कँटन फेअर या व्यापारी जत्रेला तो अधूनमधून जातो. ही जत्रा वर्षातून दोनदा भरते, तीन-तीन टप्प्यांत. वह्या, पेनं, दप्तरं तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२५च्या शरदात ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. दिवाळी आटोपून निवांत. सप्टेंबरातच म्हणाला, ‘‘भाऊबीजेला साडी नको म्हणतेस ना दरवर्षी? मग यंदा तिकीट घे. आणि तुझं ते पाकीट आण बरोबर.’’

व्हिसाच्या कागदपत्रांबद्दल लिहीत नाही, त्यात वाचण्यासारखं काही नाही. पाच वर्षांनी २६ ऑक्टोबरला कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालं होतं, त्यामुळे बँकॉकला बाकावर झोपणं वाचलं.

दिवस पहिला, शुक्रवार

कोलकात्याहून रात्री निघालो आणि पहाटे चारच्या सुमारास उतरलो. घड्याळ अडीच तास पुढे. हॉटेलची खोली दुपारी मिळणार होती, म्हणून बॅगा तिथे टाकून दादा मला थेट ‘सकाळच्या चहा’ला घेऊन गेला. ग्वांगझूत ‘चहा प्यायला जाऊ’ म्हणजे नाश्त्याला जाऊ. सकाळी सातला एवढं मोठं हॉटेल गच्च भरलेलं. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. कुणी पेपर वाचतंय, कुणी नातवाला भरवतंय, टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायचं. आपल्याकडे रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानात असते तशी गर्दी, फक्त कुणालाच उठायची घाई नाही.

बसल्याबसल्या खाण्याचं कुणी विचारत नाही. आधी विचारतात, चहा कुठला? दादानं ऐटीत सांगितलं, ‘‘बोलेइ.’’ हे पुअर या मुरवलेल्या चहाचं कँटनी, म्हणजे इथल्या बोलीतलं नाव. (पुअर हे नाव युन्नान प्रांतातल्या गावावरून पडलंय. भाव ऐकल्यावर नावातला विनोद कळतो.) चहा आला, तर शेजारच्या आजोबांनी आपल्या किटलीतला पहिला चहा वाटीत ओतला आणि त्यात पेले, चमचे, चॉपस्टिक्स खळबळून घेतल्या. आम्हीही तसंच केलं. दादानं माझा पेला भरला आणि म्हणाला, ‘‘आता दोन बोटं टेबलावर ठोक.’’

‘‘का?’’

‘‘आभार मानायचे. बोलता बोलता मध्येच थांबून थँक्यू म्हणावं लागत नाही.’’

याची एक गोष्ट तिकडे सांगतात. छ्येनलोंग बादशहा वेश पालटून फिरत असताना त्यानं सोबतच्या सेवकाला स्वतः चहा ओतून दिला. बादशहाच्या हातचा चहा, म्हणजे गुडघे टेकून नमस्कार करायला हवा. पण केला तर बिंग फुटणार. म्हणून त्यानं बोटांचे गुडघे दुमडून टेबलावर टेकवले. दंतकथाच आहे, पण बोटं मात्र अख्खा ग्वांगझू ठोकतो. दुसरी खूण किटलीच्या झाकणाची. झाकण तिरकं ठेवलं की वेटर न बोलावता येऊन गरम पाणी भरून जातो.

चहा काळाभोर. वास जुन्या वाड्याच्या माळ्याचा, पहिल्या पावसात भिजलेल्या. मला आवडला. दादाला इतक्या फेऱ्यांनंतरही आवडत नाही, पण पचनाला बरा म्हणून तो औषधासारखा घेतो. तो शाकाहारी, त्यामुळे तांदळाच्या पिठाची साधी गुंडाळी, वर सोया सॉस, एवढ्यावर त्यानं भागवलं. दिसायला अगदी आपल्या खांडवीची सावत्र बहीण. मी काय काय खाल्लं ते आईला सांगितलेलं नाही, म्हणून इथेही नाही.

संध्याकाळी मी शहाणपणा केला. दादा झोपलेला, मी एकटीच बाजाराच्या रस्त्यावर गेले आणि एका चकचकीत दुकानात शिरले. काचेच्या बरणीत हिरव्या, घट्ट वळलेल्या गोळ्या, पाटीवर ४८०. विक्रेत्या मुलीनं फोनवर नाव दाखवलं: थिएग्वानयिन, ‘लोखंडी करुणादेवी’. फुज्यान प्रांतातल्या आनशीचा नामांकित चहा. नाव ऐकलेलं होतं. मी हिशेब केला, किलोला ४८० युआन, युआनचे साडेबारा रुपये, म्हणजे सहा हजार. अर्धा किलो घ्यावा. हातानं ‘अर्धा’ दाखवला. तिनं ५०० ग्रॅम तोलले, सोनेरी डब्यात भरले आणि यंत्रावर ४८० टाकले.

तिची चूक नव्हती. चीनमध्ये चहाचा भाव ‘जीन’वर असतो, आणि जीन म्हणजे ५०० ग्रॅम. त्याचे दहा ‘लिआंग’, एकेक ५० ग्रॅमचा. आपल्याकडे शेर-पावशेर म्हणींपुरते उरले, तिकडे जीन भाजीपासून चहापर्यंत चालू आहे. परत कर म्हणायची लाज वाटली. शिवाय चव न घेता घेतला होता, हा खरा मूर्खपणा. रात्री दादाला डबा दाखवला नाही.

दिवस दुसरा, शनिवार

दादा जत्रेला गेला आणि मी मेट्रोची १ नंबरची लाइन पकडून फांगत्सुनला. ह्वांगशा स्टेशन सोडलं की गाडी मोती नदीच्या खालून जाते आणि पलीकडे फांगत्सुन. चीनमधला चहाचा सर्वांत मोठा घाऊक बाजार इथे आहे हे मी वाचलं होतं, आणि डोळ्यांसमोर मंडईसारखी एखादी इमारत होती. इमारत कसली, पेठच ती. गल्ल्यांमागून गल्ल्या, दोन-तीन मजली दुकानं, आणि प्रत्येक दुकानात फक्त चहा. किंवा चहाचे पेले. किंवा चहाचे डबे, पिशव्या, ट्रे, पेट्या. स्कूटरवर छातीपर्यंत खोकी रचून माणसं जाताहेत. एका दारात चार बायका सुपाएवढ्या ताटांभोवती बसून चहाच्या गोळ्यांतले देठ खुडताहेत, तोंडं अखंड चालू. हात तांदूळ निवडायचे, गप्पा कुणाच्या सुनेच्या, असा मी अर्थ लावला.

पहिल्या दुकानात पाकीट पुढे केलं. म्हाताऱ्या दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला, वाचलं आणि हसला. बायकोला दाखवलं, तीही हसली. मग फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून मला हिंदीत कळलं: पाकिटावर लिहिलंय, ‘उत्तम चहा’. खालच्या ओळीत, ‘कोरड्या जागी ठेवा’.

चार वर्षं मी ते जपून ठेवलं होतं.

मग त्यानं खुर्ची ओढली. इथल्या दुकानात उभ्यानं खरेदी होत नाही. मधोमध एक जाड लाकडी टेबल, त्यात पाणी निथळायची जाळी, बाजूला उकळतं पाणी, आणि मागे दुकानदार. तुम्ही बसायचं. तो एक चहा करतो, तुम्ही पिता. तो दुसरा करतो. फुकट. घ्यायलाच हवं असंही नाही. तुळशीबागेत ‘ताई, बघून तर जा’ म्हणतात, त्याचा हा अतिसंथ अवतार. मी चवीचं वर्णन करायचा प्रयत्न केला. मध, पेरू, शेवटी गोड. ॲपनं पेरूचं काय केलं कुणास ठाऊक, त्यानं मला वाळवलेल्या फळाची साल घातलेला चहा दिला. पुढच्या दुकानात गडद भाजलेला वूयी डोंगरातला चहा, कोळशाच्या शेगडीजवळ बसल्यासारखा. त्याच्या पुढे पांढरा चहा. त्याच्या पुढे आणखी काही.

पाच दुकानं झाली आणि माझे हात थरथरायला लागले. कानशिलं गरम, कपाळावर घाम, पोटात खड्डा. पित्तच, दुसरं काय! सकाळपासून पोटात एक केळं आणि बहुधा चाळीस-पन्नास इवले पेले. पाचव्या दुकानातल्या पोरानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, चहा बाजूला सरकवला आणि खडीसाखर घातलेलं गरम पाणी आणि शेंगदाण्याची चिक्की पुढे ठेवली. हो, चिक्कीच, लोणावळ्याला खपली असती अशी. त्याच्या भाषेत याला ‘चहा चढणं’ म्हणतात. आपण उगाच दारूला बदनाम करतो.

काही न घेता परत आले.

दिवस तिसरा, रविवार

हा दिवस मोठा आहे.

दादानं दुपारपर्यंतची सुट्टी काढली. ‘‘तुला एकटीला सोडलं तर त्या चहाची राख पिशील,’’ म्हणाला. तोवर सोनेरी डबा त्याला सापडला होता. तो पिशवीत घेऊन, पोटभर नाश्ता करून आम्ही फांगत्सुनच्या एका मागच्या गल्लीत शिरलो. तिथे एका अरुंद दुकानात पन्नाशीच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. टेबलावर मातीचा एक बेडूक, चहा ओतून ओतून काळा तुकतुकीत झालेला. दुकानात एकाच प्रकारचा चहा: दानत्सुंग. बाई मूळ छाओझोउच्या, ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व टोकाकडच्या. तिथल्या फीनिक्स डोंगरावर हा चहा होतो.

दानत्सुंग म्हणजे ‘एकेक झुडूप’. पूर्वी चांगल्या वासाच्या झाडाची पानं वेगळी खुडून वेगळी ठेवत, त्यावरून हे नाव. त्या झाडाचं कलम करून पुढे बागा वाढल्या. प्रत्येक जातीला एकेका वासाचं नाव आहे, आणि बाई फोनवर फुलांचे फोटो दाखवत गेल्या तशी मी ओरडायलाच लागले. हा अनंत! हा सोनटक्का! ही तर जाई! चिनी नावं मला पाठ झाली नाहीत, पण माझ्या वहीत त्या चहांची नावं अनंत, सोनटक्का आणि जाई अशीच आहेत. आणि यात बाहेरून फूल घातलेलं नसतं. पान किती सुकवायचं, किती हलवून कडा दुखावायच्या, केव्हा कढईत गरम करून ते थांबवायचं आणि मग कोळशावर किती भाजायचं, एवढ्यातून हा वास बाहेर येतो.

बाईंनी झाकणाचा पेला घेतला. याला गायवान म्हणतात (गाईचा संबंध नाही). आठ ग्रॅम कोरडी पानं, लांब, काळसर, वाळक्या चिंचेच्या शेंगेच्या शिरांसारखी पिळदार. गरम केलेल्या रिकाम्या गायवानमध्ये ती टाकून झाकण लावलं, एकदा हलवलं आणि माझ्या नाकाखाली झाकण उघडलं.

मी काही बोलले नाही. दादा म्हणाला, ‘‘काय झालं? हाच का?’’

मध होता. पेरू नव्हता.

मग खळखळतं पाणी. पहिलं लगेच ओतून टाकलं, बेडकाच्या डोक्यावर. दुसरं पाणी पाच-सहा सेकंद. पेले तीनच, आम्ही दोघं आणि बाई. छाओझोउची रीत आहे, माणसं चार असली तरी पेले तीन, आणि कुणीतरी दुसऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हणायचं. बाईंनी गायवान अंगठा आणि मधल्या बोटात कडेला धरला आणि तीन पेल्यांवरून गोल गोल फिरवत चहा ओतला, थांबल्या नाहीत. तळाशी थोडा उरला तेव्हा थेंब थेंब करून प्रत्येकात सारखा टिपला. या ओतण्याला नाव आहे: आधी ‘क्वान कोंगची नगरफेरी’, मग ‘हान शिनची सैन्यमोजणी’. दोघंही जुने सेनापती, त्यातला क्वान कोंग पुढे देव झाला. सुरुवातीचा चहा फिका असतो आणि शेवटचा दाट. एक पेला भरून दुसरा भरला तर पहिल्याला पाणी मिळालं असतं आणि तिसऱ्याला काढा. पंगतीत आमटी वाढणाऱ्याला जे कळायला हवं ते सगळं त्या चार सेकंदांत आहे.

मी गायवान धरून पाहिला. दोन्ही बोटं भाजली आणि चहा टेबलभर. बाईंनी काही न बोलता फडकं सरकवलं.

पुढचा चहा करताना बाईंनी फोनवर नाव लिहिलं आणि ॲपनं ठणठणीत हिंदी आवाजात सांगितलं, ‘‘बत्तख की विष्ठा की सुगंध.’’ दादानं ओठांपर्यंत नेलेला पेला खाली ठेवला. बाई मनसोक्त हसल्या, हा प्रसंग त्यांच्याकडे रोज होत असणार. गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याकडे अप्रतिम वासाचं झाड होतं. कलम कुणी चोरू नये म्हणून जो विचारील त्याला तो सांगायचा, हे काही नाही हो, बदकाच्या शिटातलं झाड आहे. तिथल्या पिवळट मातीला लोक तसंही म्हणत. चोरायचं ते चोरलंच, वर नावही चिकटलं. २०१४ मध्ये त्याचं बारसं करून ‘रुपेरी फुलाचा सुगंध’ असं सभ्य नाव दिलं, पण ते कागदावरच राहिलं. चव म्हणाल तर दुधाळ, फुलांची, अगदी हलकी. दादानं तीन पेले घेतले आणि नंतर कबूल केलं की दूध न घातलेल्या चहांत हा बरा.

मग मी पाकीट काढलं. बाईंनी ‘उत्तम चहा’ वाचलं, हसल्या नाहीत. पाकीट उघडलं, आत बोट फिरवलं, नाक खुपसलं. तळाच्या शिवणीत चुरा अडकला होता, चिमूटभरही नाही. तो ओल्या बोटानं उचलून त्यांनी जिभेवर ठेवला. चार वर्षं जुना चुरा, पासपोर्टच्या फायलीतला! मग उठून मागच्या फळीवरून तीन डबे आणले, तीन गायवान मांडले, तिन्हींत आठ-आठ ग्रॅम, डब्यांची तोंडं आमच्याकडे पाठ करून. ॲपला बोलल्या: ‘‘नाव सांगणार नाही. भाव सांगणार नाही. प्या.’’

पहिल्याचा वास भाजक्या दाण्यांसारखा, खमंग, पण दुसऱ्या पाण्याला तो उडून गेला आणि मागे तुरटपणा राहिला. दुसऱ्यात मध आला, चौथ्या पाण्यालाही आला, आणि पेला रिकामा झाल्यावर त्याच्या तळाचा वास घेतला तर तिथे पेरू. किंवा पेरूच्या जवळचं काहीतरी. तिसरा मला समजलाच नाही. इतका शांत, की पाणी आणि चहा यांच्या मधला. बाई मात्र तो पिताना डोळे मिटत होत्या. आठव्या पाण्यानंतर पानं गायवानच्या झाकणावर पसरून दाखवली. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची पानं अख्खी उलगडलेली, मधे हिरवट आणि कडेला तांबूस रेघ. पहिल्याची अर्धीअधिक तुटकी, कोळपलेली.

मी दुसरा निवडला. दादानं पहिला. भाव उघडले: पहिला जीनला ३००, दुसरा ८००, तिसरा २,४००.

‘‘म्हणजे मी स्वस्तात सुटलो,’’ दादा म्हणाला. मग त्यानं अप्पा बळवंत चौकातली विद्या काढली. दोन जीन घेतले तर किती, रोख दिले तर किती. बाईंनी आठशेचे सातशे नव्वद केले नाहीत. पण प्रत्येक वेळी नकाराबरोबर आणखी एक पेला भरला, आणि सहाव्या नकारानंतर दादाच दोन बोटं ठोकून गप्प बसला.

दुसऱ्याचं नाव ‘मी लान श्यांग’, म्हणजे मध आणि ऑर्किडचा सुगंध. हाच का तो सिंगापूरचा? बाई म्हणाल्या, जात तीच, डोंगर कुठला ते सांगता येत नाही. मला स्वतःलाही शपथ घेता आली नसती. चार वर्षांत माझ्या जिभेनं त्या चवीवर किती पुटं चढवली होती, देव जाणे. मी चार लिआंग घेतला, २०० ग्रॅम, ३२० युआन. बदकाचा एक लिआंग. तिसऱ्याचं एक आठ ग्रॅमचं पाकीट बाईंनी हातात कोंबलं आणि म्हणाल्या, दोन वर्षांनी पी.

निघताना दादानं निर्लज्जपणे सोनेरी डबा टेबलावर ठेवला. बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि बंद केलं. तो त्यांचा चहा नव्हता, म्हणून त्या वाईट बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, दुकानात हा फ्रिजमध्ये होता की काचेच्या बरणीत? हलक्या हातानं केलेला हिरवा थिएग्वानयिन थंड जागी, हवा काढलेल्या छोट्या पुड्यांत ठेवतात, आणि आनशीचा शरदातला ताजा माल नुकताच बाजारात आला होता. माझा उजेडात बसलेला, बहुधा वसंतातला. प्यायला हरकत नाही, म्हणाल्या, लवकर संपव.

दिवस चौथा, सोमवार

चहाला सुट्टी. पोटाचीच तशी मागणी होती.

शामियान बेटावर वडाच्या जातीच्या मोठ्या झाडांखाली फिरले. १८५९ नंतर इंग्रज-फ्रेंचांनी इथे आपली वसाहत केली. त्याआधी परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी जरा पूर्वेला, नदीकाठी होत्या, त्या १८५६ मध्ये जळाल्या. १७५७ ते १८४२ या काळात युरोपी जहाजांना चीनमध्ये व्यापाराला हे एकच बंदर खुलं होतं. आणि त्या काठावर मुंबईची माणसं होती. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा इथे आले, त्यातल्या एका खेपेला इकडे येताना १८०५ मध्ये फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं. मुंबईहून कापूस यायचा आणि माळव्याची अफू यायची, इथून चहा विलायतेला जायचा. जे. जे. हॉस्पिटलच्या रांगेत मी आईला घेऊन किती वेळा बसले असेन. त्या भिंतींत चहा-अफूचा पैसा आहे हे माहीत असणं वेगळं आणि या नदीकाठी बसून आठवणं वेगळं. नदीच्या खालच्या अंगाला छांगझोउ बेटावर पारशांची जुनी दफनभूमी आहे. दोखमा, म्हणजे पारशांचा अंत्यविधीचा मनोरा, नसलेल्या गावी मरण आलेले लोक. तिथवर जाणं झालं नाही.

‘चहा’ हा आपला शब्दही इथूनच आलाय. कँटनी ‘च्छा’, मकावच्या पोर्तुगीजांचं ‘चा’. डचांनी चहा फुज्यानच्या किनाऱ्यावरून नेला, तिथे त्याला ‘ते’ म्हणतात, म्हणून इंग्रजांचा ‘टी’. कुठल्या धक्क्यावरून जहाज सुटलं त्यावर जगभरच्या जिभा ठरल्या.

दिवस पाचवा, मंगळवार

जत्रेचा शेवटचा दिवस. दादाला पेन्सिलींचा भाव जमला होता आणि तो खुशीत होता. म्हणाला, ‘‘मलाही एक काहीतरी घ्यायचंय. पण मला पटेल असं.’’

त्याला पटला पुअर. चव नव्हे, कागदपत्रं! पुअरच्या चकत्या असतात, थालीपिठाएवढ्या, मऊ पातळ कागदात गुंडाळलेल्या. एक चकती ३५७ ग्रॅमची, सात चकत्यांची एक चळत बांबूच्या सोपटात बांधलेली, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. वर आकडा: ७५४२. दुकानदारानं उलगडून सांगितलं. ७५ म्हणजे ही पाककृती १९७५ची, ४ म्हणजे पानाची प्रत, २ म्हणजे मंगहाईचा कारखाना. दादाचे डोळे चमकले. ‘‘हा तर आपला आयटम कोड!’’ वर कागद चोळून बघून त्याचं वजनही अंदाजलं.

पुअर दोन जातींचा. कच्चा वर्षानुवर्षं ठेवून मुरवायचा, लोणच्यासारखा. पिकवलेला ढीग करून, ओलावून, झाकून काही आठवड्यांत मुरवतात. ही युक्ती १९७३च्या सुमाराची. सकाळच्या चहाला मिळतो तो बहुधा हा दुसरा. कच्चा जुना होईल तसा महाग होतो, आणि मग जे व्हायचं तेच झालं, लोक तो प्यायचा सोडून साठवायला लागले. २००७ मध्ये भाव फुगून धाडकन कोसळले होते. तरी अजूनही फांगत्सुनमध्ये नामवंत चकत्यांचे भाव शेअरसारखे रोज बदलतात आणि अख्खी खोकी न फोडता या दुकानातून त्या दुकानात जातात. दादाला मी बजावलं, एकच घे, नि पिण्यासाठी घे. त्यानं एक वर्ष जुनी, कच्ची, साध्या नावाची घेतली, १२० युआनला. चव घेतली तेव्हा तोंड इतकं वाकडं केलं की दुकानदारानं स्वतःहून दहा युआन कमी केले.

शेवटी मी एका बरणीत नाक खुपसलं आणि जागच्या जागी थबकले. उटणं! नरकचतुर्दशीची पहाट. वाळवलेली संत्र्याच्या जातीची साल, शिनह्वीची, वर्षानुवर्षं जुनी करून विकतात आणि पिकवलेल्या पुअरमध्ये टाकतात. एक लिआंग घेतली. बॅगेत सगळ्यात वर ठेवली, तर पुण्यापर्यंत माझे कपडे दिवाळीचे वास मारत होते.

पुण्यात

थिएग्वानयिनचा सोनेरी डबा दुकानातल्या पोरांना वाटला. त्यांनी दूध घालून उकळला आणि ‘मॅडम, याला रंगच येत नाही’ म्हणाली.

माझा ‘मी लान श्यांग’ पहिल्या दिवशी नुसता तुरट झाला. बाईंना मेसेज टाकला. उत्तर आलं, किती सेकंद ठेवलास? मी मिनिटभर ठेवला होता. आता पाच सेकंद मोजते, मोठ्यानं, आणि बोटं अजून भाजतात. पेरू रोज येत नाही. आठवड्यातून दोनदा येतो.

दादाच्या चकतीवर त्यानं दुकानातल्या मार्करनं तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘२०३५च्या आधी फोडू नये’. चकती आईच्या खोलीतल्या फडताळात ठेवली, कारण चहा कुठलाही वास धरतो आणि स्वयंपाकघरात हिंग आहे. आईनं कागदावरचं वाचलं.

‘‘दोन हजार पस्तीस?’’ ती यंदा ब्याऐंशीची. ‘‘मला काय करायचंय तोवर थांबून? फोड.’’

दादा चकतीकडे बघत राहिला. मग स्क्रू-ड्रायव्हर आणून कडेनं एक तुकडा काढला. मी चहा केला, पाच सेकंद, तीन पेले. आईनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

‘‘कडू आहे,’’ म्हणाली. ‘‘गूळ आण.’’